बोचक्याचा डबा

पहिली इस्त्री तापेपर्यंत आत्या कुणाशी बोलत नसत. बोलायचंच झालं तर इस्त्रीशी बोलत. ओलं बोट तिच्या तळाला निसटतं लावायचं, चुर्र झालं की मान हलवायची आणि मगच दिवसाला हात घालायचा, असा त्यांचा शिरस्ता. घराच्या पुढच्या भागात लाँड्री, मागे राहत्या दोन खोल्या आणि मधे एक जाड पडदा. त्या सकाळी पडद्यामागे सून एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने हरवलेला मोजा शोधत होती. दूध उतू जायच्या बेतात होतं. टेबलाखाली बोचक्या, म्हणजे घरचा कुत्रा, सकाळचा फेरफटका आटोपून चारी पाय वर करून पडला होता.

शटर अजून अर्धंच वर होतं. त्यावर कुणीतरी टकटक केलं.

इतक्या सकाळी शटर वाजवणारा माणूस एकतर लग्नाला निघालेला असतो नाहीतर मयताला, असं आत्यांचं अनुभवाचं मत होतं. त्यामुळे वाकून बघताना त्या चेहरा दोन्हींना चालेल असा ठेवत. पण बाहेर ना लग्न होतं ना मयत. कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण उभी होती, आणि तिच्या मागे, टोपी हातात चुरगाळत, शाळेची बस चालवणारा बसवाला. दोघांच्याही हातात कपडे नव्हते.

"तुझा ॲप्रन संध्याकाळी देईन म्हटलं होतं ना गं?" आत्या म्हणाल्या. डॉक्टरणीचे शाळेतले फ्रॉकही त्यांनीच इस्त्री केलेले, त्यामुळे ती कितीही शिकली तरी त्यांच्या लेखी 'अगं'च होती.

"ॲप्रनसाठी नाही आले, आत्या. काम जरा वेगळं आहे."

"डाग कशाचा आहे ते सांग आधी. रक्ताचा असला तर गरम पाणी नाही ना लावलंस?"

डॉक्टरणीने बसवाल्याकडे पाहिलं. बसवाल्याने टोपीकडे पाहिलं.

"आम्हाला बोचक्याची शी हवी आहे," डॉक्टरीण म्हणाली. "सकाळची. ताजी."

पडद्यामागे सुनेला जोरात ठसका लागला.

आत्या सरळ उभ्या राहिल्या. "बाई गं! इतकी वर्षं या दुकानात माणसं घाण घालवायला येतात. मागायला आलेली तुम्ही पहिलीच."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आत्यांचा सगळा जन्म डाग काढण्यात गेला होता. यजमान होते तेव्हा गिऱ्हाइकांशी ते बोलत आणि डागांशी आत्या. यजमान गेल्यावर दोघांशीही आत्याच बोलू लागल्या, पण डागांशी त्यांचं अधिक जमे. डाग निदान खोटं बोलत नाही. गिऱ्हाईक म्हणे, "हा चहाचा आहे हो," आणि आत्या कापड नाकाशी नेऊन म्हणत, "चहा नव्हे, औषध. खोकल्याचं. आणि बाटलीला तोंड लावून प्यायलंय." शाई, गंज, घाम, तेल, लहान मुलांचं काय काय, सगळ्यांवर त्यांच्याकडे तोड होती. कपड्यांचा गठ्ठा दारातून बाहेर पडताना त्यावरून एकदा हात फिरवायचाच. त्या हाताला कुठे खरखर लागली तर गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी गठ्ठा परत आत. "आमच्याकडून घाण बाहेर जात नाही," हे त्या अशा थाटात म्हणत की पाटीवर लिहायची गरजच पडली नव्हती.

बोचक्याही कपड्यांतूनच आलेला. कुणीतरी चादरींचं बोचकं दुकानाच्या पायरीवर टाकून गेलं. आत्यांनी गाठ सोडली तर आत मुठीएवढं तपकिरी पिल्लू, एका उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून झोपलेलं. चादरी न्यायला गिऱ्हाईक आलं, पण पिल्लू आपलं नाहीच म्हणून हात वर करून गेलं. आत्यांनी अभ्रा धुऊन दिला, पिल्लू ठेवून घेतलं. भात, उकडलेलं अंडं आणि थोडा भोपळा, हेच त्याचं जेवण, रोजचं. बाहेर काही तोंडात घातलं तर आत्या नुसतं "थुंक" म्हणत आणि तो थुंकत असे. गल्लीत कुत्र्यामागे कागद घेऊन जाणाऱ्याही त्या एकट्याच. डॉक्टरणीने हेरलं होतं ते तिथेच. बोचक्याचं काम उरकल्यावर आत्या ते कागदात उचलत, तेव्हा कागदाला ओलसुद्धा येत नसे.

"असं पोट मला दुसऱ्या कुणाचं सापडलं नाही," ती म्हणाली. "चार जणांचे कुत्रे तपासले. एक भोपळ्यासारखा फुगलाय, एकाच्या पोटात कृमी, एकाला कायमचं औषध चालू आहे, एकाचे मालकच म्हणाले आमच्या कुत्र्याची अब्रू जाईल."

"आणि आमच्याला अब्रू नाही होय?" आत्या म्हणाल्या, पण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. म्हणजे ऐकायची तयारी होती.

गोष्ट बसवाल्याच्या डिकीची होती. डिकी ही त्याची कुत्री. बसच्या सामान ठेवायच्या डिकीत सापडली म्हणून डिकी. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत तो एकटा राहायचा, आणि त्याला दुसरं कुणी नव्हतं. ती रोज त्याच्या आसनामागे बसून शाळेच्या फेऱ्या करी, आणि पोरं चढताना आधी तिला हात लावत मग आपली जागा शोधत. गेल्या थंडीत तिचं पोट बिघडलं ते आजतागायत बिघडलेलंच. पातळ, कधी रक्त, कधी नुसती शेंबडासारखी आव. खाल्लेलं अंगी लागेना. खाणं बदलून झालं, गोळ्या झाल्या, आतड्याची सूज उतरवायची जालीम औषधंही झाली. गोळी चालू असेपर्यंत बरं, सुटली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"पोटात कोट्यवधी जंतू राहतात, आत्या," डॉक्टरीण सांगू लागली. "सगळे काही वाईट नसतात. बरेचसे कामाचे असतात. अन्न फोडतात, आतड्याच्या अस्तराला पोसतात, वाईट जंतूंना पाय पसरू देत नाहीत. डिकीच्या पोटात हे कामाचे जंतू जवळजवळ राहिलेच नाहीत. बोचक्याच्या पोटात भरपूर आहेत. त्याच्या शीत ते मिळतील. ती पातळ करायची, गाळायची आणि डिकीच्या पोटात सोडायची."

"तोंडातून?" आत्यांचा हात पदराकडे गेला.

"नाही हो, मागून. नळीने."

"मग ठीक. पण चांगले जंतू म्हणजे काय गं? चांगला डाग असतो का कुठे?"

डॉक्टरणीने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बसवाला बोलला.

"आत्या, ती आता बसची पायरी चढत नाही. मी उचलून ठेवतो. उचलताना हाताला वजन लागत नाही हो तिचं." आणि पुन्हा टोपी चुरगाळू लागला.

आत्यांनी त्याच्या हातातून टोपी काढून घेतली, इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि दोन हात मारून परत दिली. "टोपीचा जीव घेऊ नकोस. याची शी डब्यात भरून कधी आणायची ते सांगा."

आधी बोचक्याच्या तपासण्या झाल्या. रक्त झालं, शी झाली. निकाल असा आला की डॉक्टरणीने तो मोठ्याने वाचून दाखवला. कृमी नाहीत, वाईट काही नाही, सगळं भरपूर आणि जागच्या जागी. पोरगा शाळेत पहिला आल्यासारखा आत्यांचा चेहरा झाला. निघताना डॉक्टरीण बजावून गेली, "नेहमीचंच खाणं द्या. वेगळं काही नाही. औषध कसलंही नाही. बाकी तुम्ही काही करायचं नाही, आत्या."

काही करायचं नाही! आत्यांना आजवर कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं.

डबा न्यायच्या आदल्या दिवशी त्यांना चैन पडेना. त्यांनी बोचक्याला अंघोळ घातली. अंगण धुतलं. डबा उकळत्या पाण्यातून काढला, पुसला, पुन्हा उकळला. तरी मनातलं जाईना. बिचारी डिकी आधीच मरणाच्या दारात, आणि आपण तिला जंतूंनी भरलेली वस्तू द्यायची? तीही आपल्या दुकानातून? फळीवर एक डबी होती. मागे बोचक्याचा पंजा पत्र्याने कापला होता तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या. त्या वेळी दवाखान्यातल्या मदतनिसाने सांगितलेलं आत्यांच्या पक्कं लक्षात होतं की या गोळीने जंतू मरतात.

भाताच्या गोळ्यात गोळी लपवताना सुनेने पाहिलं. "आई, औषध द्यायचं नाही म्हणाली होती ना ती?"

"औषध आजाऱ्याला देतात. हा आजारी आहे का? हे औषध नव्हे, हे धुणं आहे."

सुनेला ऑफिसला उशीर होत होता आणि सासूच्या धुण्याविषयी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. ती गेली. आत्यांनी सकाळी एक गोळी दिली, संध्याकाळी एक दिली आणि मग कुठे त्यांना शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कागदाला थोडी ओल आली. आत्यांनी ते पाहिलं. पण नवा साबण लावला की कापडही आधी जरा सैलावतं, असं म्हणून त्यांनी डबा भरला, झाकण लावलं, वर कांजी केलेला रुमाल चारही टोकं जुळवून बांधला आणि स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या.

डिकी टेबलावर आडवी होती. बसवाल्याने त्या दिवशी बसवर बदली माणूस घातला होता आणि तो तिचं डोकं धरून उभा होता. डॉक्टरणीने रुमालाचं कौतुक केलं, डबा उघडला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"याचं पोट बिघडलंय का आज?"

"छे गं. त्याला आतून स्वच्छ करून दिलाय."

"म्हणजे?"

आत्यांनी सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात, आपण सांगितल्यापेक्षा थोडं जास्तच केलं याचा अभिमान होता. डॉक्टरणीने हळूच झाकण लावलं. ती रागावली नाही. उलट शेजारचं स्टूल ओढून बसली.

"आत्या, तुम्ही घरी दह्याला विरजण लावता ना?"

"लावते की."

"लावायच्या आधी ते विरजण उकळून घेता का?"

"उकळलं तर दही लागेल का? मेलं की ते…"

आत्यांचं वाक्य तिथेच अडलं. टेबलावर डिकीने एकदा शेपटी हलवली, तीही सवयीने.

"मग आता?" बसवाल्याने विचारलं.

"आता थांबायचं. देणाऱ्या कुत्र्याला अशी गोळी गेली तर काही महिने थांबा, असं पुस्तकं सांगतात. दोनच गोळ्या गेल्यात, त्यामुळे बोचक्या लवकर सावरेल असं मला वाटतं. पण तपासणी पहिल्यासारखी आल्याशिवाय मी त्याचं काही हिला देणार नाही."

"आणि हिच्याकडे तेवढे दिवस आहेत का?"

डॉक्टरणीने डिकीच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ म्हणजे नुसती मण्यांची माळ झाली होती. "टिकवायचा प्रयत्न करू," ती म्हणाली.

बसवाल्याने आवाज चढवला नाही. तेच आत्यांना जास्त लागलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं धुवायला?" एवढंच तो म्हणाला, डिकीला चादरीत गुंडाळून उचललं आणि निघून गेला.

त्या दिवशी आत्यांनी इस्त्री तापवली, पण बोट लावून पाहायचं विसरल्या आणि एका शर्टाची कॉलर पिवळी केली. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावून, मग रडकं तोंड करून येणारी गिऱ्हाइकं त्यांना आठवत होती. "चांगलं करायला गेलात आणि डाग पक्का करून आणलात," असं आत्या त्यांना तोंडावर सुनवत. आता ते गिऱ्हाईक त्या स्वतःच होत्या, आणि सुनवायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्या टायरच्या दुकानावरचा जिना चढल्या. बसवाला फेरीला निघायच्या गडबडीत होता. डिकीला डॉक्टरणीने दिलेलं खास खाणं थोडं थोडं करून दिवसभर भरवायचं होतं, आणि तो खालच्या टायरवाल्याची मनधरणी करून आला होता. टायरवाल्याने कुत्रीकडे एकदा आणि आपल्या जेवणाच्या डब्याकडे एकदा पाहून नकार दिला होता.

"तू फेरीला जाशील तेव्हा ही माझ्याकडे राहील," आत्या दारातूनच म्हणाल्या.

"तुमच्याकडे? त्या पांढऱ्या चादरींत? दिवसातून कितीदा करते माहितेय का ती?"

"करू दे. घाण काढता येते मला. तेवढं एकच येतं, असं म्हण हवं तर."

बसवाल्याने बराच वेळ बुटाची नाडी बांधली. बांधून झालेली सोडून पुन्हा बांधली. "औषध द्यायचं नाही."

"डॉक्टरीण हातात देईल तेच देईन."

"धुवायचं नाही."

"अरे, बूड तरी पुसू का तिचं?"

तो हसला नाही, पण त्याने डिकीची वाटी उचलून आत्यांच्या हातात दिली.

लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाखाली जुनी घोंगडी टाकली गेली. बोचक्या पडद्याच्या आत आणि डिकी पडद्याच्या बाहेर, दोघांनी एकमेकांना भेटायचं नाही, असा डॉक्टरणीचा हुकूम होता. मग दोघं पडद्याच्या खालच्या फटीतून एकमेकांची नाकं बघत पडून राहत. आत्या एका हाताने इस्त्री फिरवत आणि दुसरा हात कायम फडक्यापाशी. डिकी उठू लागली की त्यांना तिच्या पायांच्या आवाजावरून कळे. कधी तिला बाहेर नेईपर्यंत दम निघे, कधी नाही.

गिऱ्हाइकांच्या नाकाला हे लगेच कळलं.

"आत्या, वास कसला येतोय?" एक बाई रुमाल नाकाला लावून म्हणाल्या.

"आतड्याचा."

"अगं बाई! माझा कोट इथेच ठेवलाय का?"

"कोट वरच्या दांडीवर आहे, कुत्री खाली आहे आणि मधे मी आहे. अजून काही?"

काही गिऱ्हाइकं तुटली. काही दारात उभी राहून कपडे आत फेकू लागली. सून संध्याकाळी घरी आली की दारातच नाक मुठीत धरून म्हणे, "आई, पाटी बदलून टाकू या. घाण घालवून मिळेल, आणि घाण मिळेलही." पण हात धुऊन डिकीला दुपारचं उरलेलं चमच्याने भरवायला तीच बसे.

आत्यांना सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. डॉक्टरणीने सांगितलं होतं की पुसायच्या आधी नीट बघायचं. रंग कसा, रक्त आहे का, किती पातळ, आव आहे का. आयुष्यभर डाग दिसला की हात आपोआप पुढे जायचा. आता हात मागे धरून वाकून बघत बसायचं. पहिल्यांदा त्यांनी पदर नाकाला लावला. मग त्यांना त्यातलं कळू लागलं. संध्याकाळी डॉक्टरीण घरी जाताना डोकावे आणि आत्या आपल्याच भाषेत सांगत, "सकाळी पातळ कांजी. दुपारी जरा दाट, पण एक लाल धागा होता." डॉक्टरीण मान हलवी. तिला धागा कळे.

बोचक्याला मात्र काहीच करायचं नव्हतं. तेच जेवण, तोच फेरफटका. कागद कोरडा व्हायला फार दिवस लागले नाहीत. आत्या हर्षभरित होऊन दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टरीण म्हणाली, "कागद कोरडा झाला म्हणजे आतली वस्ती परत आली असं नाही." आणि खरंच, तपासणी अजून मनासारखी आली नाही. सगळे कामाचे जंतू पहिल्याइतके परतले नव्हते. पुन्हा थांबणं आलं.

अशात एके दुपारी डिकीने डोकं वर करायचं सोडलं. डॉक्टरणीने लाँड्रीतच येऊन तिला सलाईन लावलं. बाटली कुठे टांगायची हा प्रश्न आत्यांनी कोटांच्या दांडीवर सोडवला. बसवाल्याने दोन फेऱ्यांच्या मधे बस समोर उभी केली आणि तो येऊन फरशीवर डिकीजवळ बसला. आत्या शर्टांच्या घड्या घालत राहिल्या. आज नाही तर उद्या ही जाईल आणि ती आपल्या गोळीने गेली असेल, हे त्यांच्या मनात होतं. त्याच्याही मनात तेच असणार.

डिकीचा कान कुरवाळत बसवाला म्हणाला, "पोरं विचारतात रोज. डिकी कुठंय, डिकी कुठंय."

"काय सांगतोस?"

"आत्यांच्या लाँड्रीत आहे म्हणतो. तर एक चिमुरडी म्हणते, धुवायला टाकलीय का?"

आत्यांचा हात घडीवर थांबला. "मग?"

"म्हटलं, हो. वेळ लागेल. डाग जुना आहे."

आत्या आधी हसल्या, आणि मग त्यांना डोळे पुसायला हातातला शर्ट लागला. तो शर्ट त्यांनी पुन्हा धुवायला टाकला. बसवाला फेरीला जाताना म्हणाला, "येतो आत्या, संध्याकाळी." गोळ्यांच्या त्या प्रकारानंतर तो प्रथमच जातो-येतो सांगून गेला होता.

डिकी त्या दुपारी गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चमचाभर खाल्लं, तिसऱ्या दिवशी वाटीला नाक लावलं. बरी झाली म्हणावं असं काही नव्हतं, पण धुगधुगी टिकली. आणि पुढच्या तपासणीचा निकाल हातात घेऊन डॉक्टरीण स्वतःच लाँड्रीत आली. या वेळी तिने वाचून दाखवला नाही. "उद्या सकाळी डबा," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी आत्यांनी काही केलं नाही. अगदी काही नाही. बोचक्याला अंघोळ नाही, अंगणात पाणी नाही. हात शिवशिवले तेव्हा त्यांनी आधीच इस्त्री झालेल्या उशांच्या अभ्र्यांना पुन्हा इस्त्री केली. सकाळी कागदाला ओल आली नव्हती. डबा त्यांनी जसाच्या तसा, नुसत्या झाकणाने बंद करून नेला. दवाखान्याच्या दारात तो डॉक्टरणीच्या हातात देताना त्यांचा हात झाकणावरून फिरायला गेला, पण त्यांनी तो आवरला.

डॉक्टरीण, बसवाला आणि डिकी आत गेले. दार लागलं. आत्या बाहेरच्या बाकावर बसल्या. आतून काचेच्या भांड्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग बसवाल्याचं "झालं गं बाळा, झालं, झालं" असं पुटपुटणं. नंतर पुष्कळ वेळ काहीच नाही. शेजारी एक माणूस मांजराची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. "तुमचं जनावर आत आहे का?" त्याने विचारलं. आत्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "अर्धंमुर्धं," त्या म्हणाल्या. त्या माणसाने मांजराची पेटी जरा दुसऱ्या बाजूला सरकवली.

लगेच काही झालं नाही. होत नाही, असं डॉक्टरीण आधीच म्हणाली होती. जे आत सोडलंय त्याला आत राहू दे म्हणून डिकीला त्या दिवशी फार हलू द्यायचं नव्हतं. घोंगडीवर ती पडून राहिली. एक दिवस पातळ कांजी. मग दाट कांजी. मग लाल धागा दिसेनासा झाला. आणि एका सकाळी, बसवाला तिला फेरीआधी सोडायला आणत असताना, ती टायरच्या दुकानासमोर थांबली, वाकली आणि काम उरकलं.

बसवाला तिथूनच ओरडला, "आत्याऽऽ!"

आत्या इस्त्री बंद करायला विसरल्या नाहीत, पण चप्पल घालायला विसरल्या. टायरवाला आला. कोटवाल्या बाई येत होत्या त्या थांबल्या. सून एका पायात मोजा घालून आली. एवढी माणसं रस्त्यात वाकून काय बघताहेत म्हणून दूधवाल्याने सायकल थांबवली, पाहिलं, आणि सगळ्यांच्या डोक्यांविषयी शंका घेत पुढे गेला.

"कशी आहे?" बसवाल्याने विचारलं. तो आत्यांच्या तोंडाकडे बघत होता, निकालाकडे बघावं तसा.

आत्यांनी वाकून, हात मागे धरून, नीट पाहिलं. "घडी राहतेय," त्या म्हणाल्या.

बसवाल्याने खिशातून कागद काढला आणि स्वतः उचललं.

त्यानंतर डिकीच्या पाठीवरचे मणी हळूहळू बुजत गेले. ती पुन्हा बसमध्ये बसू लागली, पायरीवर मात्र अजून पाठून हात लावावा लागे. लाँड्रीतली घोंगडी आत्यांनी धुतली, वाळवली आणि काही न बोलता पुन्हा टेबलाखाली घातली. तुटलेली गिऱ्हाइकं एक एक करून परतली. कोटवाल्या बाईंनी तर सगळ्यांना सांगत सुटायचं ठरवलं होतं की सुरुवातीपासून आपण तिथेच होतो.

एका संध्याकाळी डॉक्टरीण ॲप्रन न्यायला आली तेव्हा बसवालाही तिथे होता. घोंगडीवर डिकी, आणि आता परवानगी मिळाल्यामुळे तिच्या शेजारी बोचक्या, आपल्यामुळे कुणाचं काय झालं याची काडीमात्र कल्पना नसलेला.

"एवढ्याने भागेलच असं नाही, आत्या," डॉक्टरीण म्हणाली. "काही कुत्र्यांना एकदाच पुरतं, काही पुन्हा घसरतात. हिचं चांगलं चाललंय, म्हणूनच मला हिला अजून एकदा द्यायचंय, वस्ती नीट रुजावी म्हणून. पुढच्या महिन्यात डबा लागेल. बोचक्याची परत तपासणी करू. चालेल ना?"

या वेळी बसवाल्याची टोपी डोक्यावर होती.

आत्यांनी ॲप्रनची शेवटची घडी घातली, कागदात गुंडाळली आणि डॉक्टरणीच्या हातात दिली.

"चालेल की. त्याला त्यात काय, तो रोज करतोच. तपासणी कर, खाणं तेच ठेवीन, गोळ्यांची डबी मी तुझ्याच दवाखान्यात आणून टाकलीय. फक्त माझं एक ऐक."

"बोला ना."

"मागच्या वेळी दार लावून घेतलंत. मी बाहेर बसले, त्या मांजरवाल्याशेजारी, आणि मला काही दिसलं नाही. पुढच्या वेळी मला आत उभी राहू दे. कोपऱ्यात राहीन, कशाला हात लावणार नाही. मला बघायचंय."